तिसऱ्या पेशीपर्यंत

निळे प्लास्टिकचे चिमटे, अकरा. बाराव्याची स्प्रिंग गेलेली.

कोथिंबिरीच्या काड्या दिसल्या की गिनी पिग आधी शीळ घालतो, मग खातो.

आठ टक्के.

सिन्नरच्या पुढे, हायवेला लागून, एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन भाऊ टेम्पोचे पाटे बदलून द्यायचे.

एक संगणक. कधीही सुरू करा, एक जानेवारीच दाखवायचा.

"तुम्ही कुठल्या?"

जेवणापुरत्या काढून ठेवलेल्या तारा.

*

"कुलथे, किती पेशी?"

डॉ. निरगुडकर खोलीत शिरताना नमस्कार वगैरे करत नसत. हाच प्रश्न.

"दोन, सर."

"मग मी अजून आलेलो नाही," असं म्हणून ते उलटे वळत.

त्यांचा नियम होता. एक पेशी म्हणजे गप्पा, दोन पेशी म्हणजे भांडण, तीन पेशींचं एकमत झालं की माझ्याकडे या. त्याआधी तोंड उघडायचं नाही. अंबडच्या एमआयडीसीत आमची ती लॅब होती, चार खोल्यांची. मी तिथं लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पहिल्याच महिन्यात एका पेशीनं मला विलक्षण काहीतरी दाखवलं आणि मी धावत सरांच्या मीटिंगमध्ये शिरले. कंपनीचे लोक बसले होते. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंडळी, कुलथेबाईंना आज एका पेशीनं दर्शन दिलंय." पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या पेशीला चीर गेली होती आणि ती मरत होती. मरणारी पेशी काहीही दाखवते. त्यानंतर वर्षभर, डबा खाताना, जिन्यात, पार्किंगमध्ये, कोणी ना कोणी विचारायचं, "काय मॅडम, दर्शन झालं का?"

मी पुन्हा कधी धावले नाही.

*

काम काय होतं ते सांगते. अवघड नाही.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला विसावा लागतो. तिच्या भिंतीत बारीक वाटा असतात, त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी निवते. काही औषधं ह्या वाटा बुजवतात. औषध असतं खोकल्याचं, ॲलर्जीचं, उलटीचं. वाट बुजते ती हृदयातली. मग विसावा लांबतो, आणि पुढचा ठोका विसावा पुरा व्हायच्या आत येऊन आदळतो. बहुतेकांना काही होत नाही. एखादा माणूस मात्र बोलता बोलता खाली पडतो.

म्हणून औषध माणसाला देण्याआधी आमच्याकडे यायचं. गिनी पिगच्या हृदयाच्या पेशी सुट्या करायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या विटांसारख्या दिसतात, आडव्या पट्ट्यांच्या. काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक केसाहून बारीक होतं. ते एका पेशीला टेकवायचं आणि तोंडानं हलकाच झुरका घ्यायचा. पेशी चिकटते. मग तिच्यावरून आधी साधं मिठाचं पाणी सोडायचं, मग औषधाचं पाणी. पडद्यावर एक उंचवटा उमटतो, वाटा जितक्या उघड्या तितका उंच. साध्या पाण्यात तो किती उंच, औषधात किती खाली आला, एवढंच मोजायचं. मी पडद्याला बोटं लावून मोजायची. आकडे नंतर.

त्या वर्षी ॲलर्जीचं एक औषध आलं होतं. पांढरी पूड, बाटलीवर नुसता नंबर. साध्या पाण्यात उंचवटा दोन बोटं, औषधात दोनाला जरा कमी. तेवीस पेशी केल्या. आठ टक्के बुजलं. आठ टक्के म्हणजे निर्धोक. अहवाल गेला, त्यावर सरांची सही होती आणि खाली, पहिल्यांदाच, माझीही.

*

तोरस्करबाई आमच्या लॅब असिस्टंट. मूळच्या देवगडच्या, नवऱ्यामागे नाशकात येऊन पंचवीस वर्षं झालेल्या. त्यांना कुठलीही वस्तू टाकवत नसे.

ज्या मऊ नळ्यांतून साधं पाणी आणि औषधाचं पाणी दोन्ही पेशीवर यायचं त्या परदेशातून यायच्या आणि कस्टममध्ये सहा-सहा आठवडे अडकायच्या. त्यामुळे वापरलेल्या नळ्या तोरस्करबाई धुवायच्या. गरम पाणी, स्पिरिट, पुन्हा गरम पाणी. मग मागच्या व्हरांड्यात तारेवर चिमटे लावून वाळत घालायच्या, कुणाच्या घरी बाळाची दुपटी वाळावीत तशा. सर पाहुण्यांना मुद्दाम तिकडे नेऊन दाखवायचे. "परदेशात एकदा वापरून फेकतात. आमच्या बाईंच्या हातून सुटली तर ती नळी नव्हे."

"सर कायतरी बोलतत," बाई म्हणायच्या, आणि खूश व्हायच्या.

एकच नळी त्या वेगळी ठेवायच्या, लाल चिकटपट्टी लावलेली. वाटा हमखास बुजवणारं एक जुनं औषध आम्ही अधूनमधून लावून बघायचो, आपलं यंत्र धड चालतंय ना ते कळावं म्हणून. ते फार चिवट, नळीला धरून बसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची नळी म्हणून वेगळी. ती चाचणी दर वेळी पास व्हायची.

पांढरी पूडही तशीच चिवट असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

नव्या नळ्यांचा खोका आला तेव्हा तारेवरच्या जुन्या नळ्यांना पिवळट झाक आली होती. मी नवी नळी लावली. काही शोधायचं म्हणून नाही. नवी होती म्हणून लावली, आणि नीट चालते का ते बघायला हाताशी होती ती पांढरी पूड सोडली.

*

पेशी तीन. सोमवार, बारा वाजून वीस. साध्या पाण्यात चार बोटं. औषधात दोनाला जरा कमी.

मी सरांच्या खोलीत गेले. ते सफरचंद कापत होते.

"किती पेशी?"

"तीन, सर. पांढऱ्या पुडीच्या. नव्या नळीवर."

"तो अहवाल गेला ना कधीच?"

"औषधातली उंची तीच येतेय, सर. जुन्या नळीवर आली तेवढीच. पण साध्या पाण्यातली दुप्पट आहे."

सरांनी चाकू खाली ठेवला. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. माझ्या आधी त्यांच्या चेहऱ्यावर ते वाक्य येऊन गेलं: आम्ही जे साधं पाणी म्हणत होतो, ते साधं नव्हतं. नळीतून औषध झिरपत होतं. औषधाआधीची म्हणून जी पेशी मोजली, तिला औषध आधीच लागलेलं होतं. तेवीसच्या तेवीस.

"किती टक्के होतात?"

"पन्नासच्या वर."

ते उठले, माझ्याबरोबर आले, पडद्यासमोर उभे राहिले. तिन्ही पेशी बघितल्या. पेशींना चीर आहे का ते बघितलं. मला वाटलं होतं ते काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "आज मोठा डोस आहे. सकाळी आठला सहा जण, दुपारी दोनला सहा जण." आणि फोन उचलला.

माणसांना औषध द्यायचं केंद्र आमच्यापासून दोन किलोमीटरवर होतं. कमी डोसचे स्वयंसेवक आधीच्या आठवड्यांत सुखरूप घरी गेले होते. आता पाचपट. फोन बराच वेळ वाजला. कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. रिसीव्हर टेबलावर पडल्याचा आवाज आला. मागे स्टीलचं ताट घरंगळत होतं, खूप वेळ, गोल गोल. मग एक बाई, "बाजूला व्हा, सगळे बाजूला व्हा." मग नुसता ठप्प असा आवाज. पुन्हा तसाच.

सरांनी फोन कानापासून लांब धरला होता. मला सगळं ऐकू येत होतं.

नंतर कळलं की तो चार नंबरचा स्वयंसेवक होता. एकनाथ सांगळे, वय एकतीस. जेवणापुरत्या छातीवरच्या ईसीजीच्या तारा काढल्या होत्या. भाताचा पहिला घास. शॉक देऊन हृदय परत चालू झालं, पण मध्ये सहा मिनिटं गेली होती.

दोनचा डोस थांबला.

*

पेशी दोन. सोमवार, दहा वाजून पाच. चार बोटं. दोनाला जरा कमी.

"काय गो, आज चाय नको तुला?" तोरस्करबाई दारात.

"ठेवा तिथं."

"खिडकी कशाला लावून घेतलीस?"

"थंडी आहे."

"थंडी? एप्रिल चाललाय." त्या आत आल्या. मी पडद्यासमोर बोटं धरून बसले होते, ती बोटं त्यांनी बघितली. चार. त्यांना पडद्यावरचं कळत नसे, पण सहा महिने त्यांनी मला दोन बोटं धरलेली बघितलं होतं.

"जुन्या नळ्या टाकू काय?"

"नको. असू देत."

"धुऊन ठेवू?"

"बाई, हात लावू नका त्यांना."

इतकं तोडून मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या कपावर बशी झाकून गेल्या. मी तिसरी पेशी शोधायला लागले. त्या दिवशी पेशी चांगल्या नव्हत्या. बऱ्याचशा गोळा झालेल्या, विटेऐवजी मणी. धड पेशी सापडायला सव्वा तास गेला. ती नीट चिकटेना. मी झुरका घ्यायची आणि ती सुटायची. भिंतीवर घड्याळ होतं. अकरा. साडेअकरा. शेजारच्या खोलीत सर फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होते.

*

चौकशीला दिल्लीहून एक गृहस्थ आले. मृदू बोलणारे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, प्रत्येक उत्तरानंतर "अच्छा" म्हणणारे. त्यांनी संगणकातल्या फाइली काढायला सांगितल्या. सगळ्यांवर एक जानेवारी. घड्याळाची बॅटरी केव्हाच गेली होती. तारीख आणि वेळ आम्ही कागदावर हातानं घालायचो.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"पहिली पेशी सोमवार, नऊ दहा. दुसरी दहा पाच. तिसरी बारा वीस."

"हो."

"आणि पहिला डोस आठला दिला गेला." त्यांनी पेन कागदावर टेकवलं. "म्हणजे तुम्हाला पहिली शंका आली तेव्हा औषध पोटात गेलं होतं. अच्छा. तुम्ही काही करू शकत नव्हता. उलट दोनचा डोस तुमच्यामुळे टळला."

मी पाणी मागितलं.

"ह्या नळ्या कोण धुवायचं?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "माझ्या परवानगीनं धुतल्या जायच्या." एवढं ते बोलले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण कागदावर कुणाचं तरी नाव लागतं. सरांचं लागलं आणि त्याखाली तोरस्करबाईंचं.

त्यांनाही आत बोलावलं होतं. बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात होते. तार रिकामी होती, नळ्या पुरावा म्हणून पिशवीत गेल्या होत्या. चिमटे मात्र तसेच.

"काय विचारलं?"

"नवी नळी खोक्यातनं कोणी काढून दिली. म्हटलं, मी दिली. माझ्या हातानं दिली."

"आणखी?"

"कधी दिली ते विचारलं." त्या चिमटे काढून पदरात घ्यायला लागल्या. "म्हटलं, माका दिवस ध्यानात रवत नाय. वय झालं."

तोरस्करबाईंना लॅबमधल्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते. तिथीनंसुद्धा.

"बाई—"

"तुझं लगीन व्हायचं आहे. आईबाप आहेत." माझ्याकडे न बघता त्या शेवटचा चिमटा काढत होत्या. "माझी काय, दोन वर्षं उरली होती. त्या माणसाच्या घरी मात्र जाऊन ये. माझ्या पायात आता बळ नाही तिकडे जायचं."

त्या महिनाअखेर त्यांना कमी केलं. सर पुढच्या वर्षी सोडून गेले. मी राहिले.

*

मला बढती मिळाली. नवीन मुलं लागली की त्यांना ही हकीगत सांगतात. "कुलथे मॅडमनी सहा माणसं वाचवली." मी मध्ये बोलत नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तीन पेशींपर्यंत थांबायची भीती नाही वाटली?" मी तिला नळ्या एकदाच वापरायच्या ह्या नियमाबद्दल सांगितलं.

घटनेनंतर आठ महिन्यांनी मी सिन्नरला गेले. शेडचा पत्रा अर्धा उघडा होता आणि एक तरुण टेम्पोखाली आडवा होता. एकनाथचा धाकटा भाऊ, बबन. मी नाव सांगितलं तसा तो बाहेर आला, हात पुसले आणि खाली वाकून माझ्या पाया पडला.

"मी दोनच्या बॅचला होतो, ताई."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोघे भाऊ एकत्रच गेले होते.

घर शेडच्या मागे. एकनाथची बायको चंद्रकला माझ्याच वयाची. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी बसली.

"तुम्ही बोललात म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर कंपनीवाले म्हणत होते ह्यांना आधीपासूनच काहीतरी होतं. दारू पितो, लपवून ठेवलं. तुम्ही चौकशीत तो नळीचा कागद दिला तेव्हा गप बसले. आणि बबनभाऊजी तर तुमच्यामुळेच आहेत. एक गेल्यासारखा आहे, पण एक राखलात ताई तुम्ही."

मी हे सगळं ऐकून घेतलं. मी जे सांगायला गेले होते ते तिला सांगितलं नाही.

ती चहा करायला आत गेली. एकनाथ खिडकीशी पलंगावर बसले होते. तब्येत चांगली, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. हात शांत. माझ्याकडे बघून हसले.

"तुम्ही कुठल्या?"

"नाशिकची."

"अच्छा, नाशिकच्या. बस मिळाली का नीट?"

"मिळाली."

थोडा वेळ गेला. आत स्टोव्हचा आवाज.

"तुम्ही कुठल्या?"

तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला सांगता येईल. मी खुर्ची जवळ ओढली आणि खालच्या आवाजात एक वाक्य सांगितलं. दिवस आणि वेळेसकट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, "असं होय," म्हणाले. मग खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे वळले, तेच हसू.

"तुम्ही कुठल्या?"

चंद्रकला चहा घेऊन आली.

एकोणीस वर्षं झाली, मी दर एप्रिलात जाते. ती आत गेली की सांगते. त्यांना दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकायला मिळतं, त्यामुळे उत्तर दर वेळी निराळं असतं. एका वर्षी ते नुसते "मग?" म्हणाले. एका वर्षी हसले. एका वर्षी रागावून भिंतीकडे तोंड करून बसले आणि मिनिटभरानं वळून म्हणाले, "या, बसा ना." मला सगळी उत्तरं पाठ आहेत. त्यांना एकही नाही.

ह्या वर्षी त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. माझं वाक्य ऐकून ते सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत बसले. मला वाटलं, विसरले. मग अगदी सरळ, धंद्यातल्या माणसानं गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं:

"ज्या माणसाचं असं झालं, त्याला सांगितलंत का तुम्ही?"

"सांगते," मी म्हटलं. "दरवर्षी."

"मग तो काय म्हणतो?"

आत कपबशा वाजल्या. मी तोंड उघडलं, पण त्यांची नजर तोवर निवली होती, आणि ते हसत माझ्याकडे बघत होते, नव्या पाहुण्याकडे बघावं तसं.

*

पेशी एक. शुक्रवार, संध्याकाळी पाच चाळीस. चार बोटं. दोनाला जरा कमी. सर शेजारच्या खोलीत चहा घेत होते.